आपोआप उगवलेले रोप उपटण्याआधी ओळखावे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यातील बागेच्या निगेविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील कुंड्यांत पाणी साचू न देणे, गोगलगाई रात्री वेचून काढणे, खताची मात्रा बेताची ठेवणे या सूचना उपयुक्त आहेत आणि त्यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र आपण न लावलेले जे काही उगवेल ते तण समजावे आणि लहान असतानाच मुळासकट काढावे, हा त्यात सरसकट दिलेला सल्ला मला घातक वाटतो. आषाढ-श्रावणात घराभोवतीच्या मातीत गवताबरोबर झाडांचीही रोपे रुजून येतात. त्यांत कडुनिंब, जांभूळ, चंदन असते तशी झपाट्याने पसरणारी, नकोशी सुबाभूळही असते. ती चार पानांची असतानाच निरखून पाहिली नाहीत, तर हवे ते सहज उपटले जाते आणि नको ते चिवटपणामुळे किंवा भलत्याच झाडाच्या नावावर टिकून राहते, असे मी आमच्या परिसरातील बागांत वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रीय मंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला आणि आजही जुलैचा पहिला आठवडा वृक्षारोपणात जातो. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. गृहनिर्माण संस्थांमधून रोपांचे वाटप होते, खड्डे खणले जातात, छायाचित्रे निघतात आणि त्याच आठवड्यात त्याच संस्थेचा माळी कुंपणालगत रुजलेली कडुनिंबाची पाच रोपे खुरप्याने साफ करतो. वाटपात मिळालेल्या रोपाचे मूळ पुष्कळदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गोल फिरून गुंतलेले असते. जागच्या जागी रुजलेल्या रोपाचे सोटमूळ मात्र पहिल्या दिवसापासून सरळ खाली गेलेले असते आणि पहिल्या उन्हाळ्यात तग धरण्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा ठरतो. लावलेल्या झाडांना माझा विरोध नाही. फुकट मिळालेल्याकडेही तेवढेच लक्ष द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

अडचण अशी, की रोप हे झाडाची लहान आवृत्ती नसते. पिंपळाच्या पानाची लांब शेपटी पहिल्या काही पानांना नसते. चार-पाच पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरील छोट्या पानांच्या, पानाने शोभणाऱ्या काही झाडांची पहिली पाने चक्क साधी, एकेकटी असतात. वनस्पतिशास्त्रातील ओळखीची सारी रीत फुलांवर आणि फळांवर उभी असल्यामुळे जाडजूड ग्रंथ उघडूनही वीतभर रोपाचा उलगडा होत नाही. फोनवर छायाचित्र काढून नाव सांगणारी ॲप्स हाताशी आहेत, पण दोन पानांच्या रोपाला ती बहुधा भलतेच नाव देतात आणि तेही अशा आत्मविश्वासाने, की अनुभवी माणूसही क्षणभर गोंधळावा. म्हणून काही खुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घेणे भाग आहे.

पाहण्याची सुरुवात रोपापासून नव्हे, तर जागेपासून करावी. रोप विजेच्या तारेखाली, कुंपणाच्या जाळीखाली किंवा झाडाच्या आडव्या फांदीखाली उगवले असेल, तर ते बहुधा पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले असते. बुलबुल, कोकीळ, साळुंकी, तांबट यांना जी फळे आवडतात, त्यांचीच रोपे तेथे मिळतात: कडुनिंब, कढीपत्ता, चंदन, वड, पिंपळ, उंबर. दाट झाडाखाली देशी बदामाची किंवा आसूपालवाची रोपे एकाच ठिकाणी घोळक्याने दिसली, तर रात्री तेथे वटवाघळे लटकून फळे खात असावीत. उघड्या जागेत, भिंतीच्या कडेला वाऱ्याने साचलेल्या मातीत जे रुजते ते पंख असलेल्या किंवा कापूस असलेल्या बियांचे, म्हणजे स्पॅथोडिया, महारूख, काटेसावर यांचे असण्याचा संभव अधिक. घरचे खत घातलेल्या कुंडीत तर स्वयंपाकघरच उगवते. जागा पाहिली की शंभर शक्यतांच्या जागी पाच-सात उरतात आणि काम निम्मे होते.

त्यानंतर पाहावीत ती बीजपत्रे, म्हणजे बीमधून प्रथम बाहेर येणारी जाड पानांची जोडी. आंबा आणि जांभूळ यांची बीजपत्रे कोयीत किंवा बीतच, मातीखाली राहतात आणि वर येतो तो थेट तांबूस, मऊ पानांचा कोंब. दोहोंमध्ये घोटाळा होण्याचे कारण नाही, कारण जांभळाची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात, पानाच्या कडेला समांतर धावणारी बारीक शीर उजेडात धरल्यावर दिसते आणि एकाच बीतून दोन-तीन कोंब निघालेले असतात. आंब्याचे पान चुरगळले की कैरीचा वास येतो, तोच पुरावा पुरेसा असतो.

याउलट चिंच, गुलमोहर आणि सुबाभूळ यांची बीजपत्रे जमिनीच्या वर उचलली जातात, आणि बहुतेकांची खरी फसगत या तिघांत होते. चिंचेची बीजपत्रे चिंचोक्याचीच दोन शकले असतात: जाड, मांसल, खोडाला दोन्ही बाजूंनी चिकटलेली आणि काही दिवसांनी सुरकुतून गळणारी. त्यांच्यावरची पहिली दोन पाने समोरासमोर असतात. त्यांतील पर्णिका लहान, टोकाला बोथट असतात, आणि पुढे कितीही पाने आली तरी प्रत्येक पान एकाच दांड्यावरच्या पर्णिकांचे राहते. गुलमोहराची बीजपत्रे लांबट व मोठी असतात. त्याचे पहिले पान चिंचेसारखे एकाच दांड्याचे असते, पण लवकरच पानाच्या दांड्याला उपदांडे फुटतात आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर येऊ लागतात. सुबाभळीचेही तसेच, फक्त तिची बीजपत्रे चपटी आणि लहान, आणि पर्णिका अरुंद व टोकदार. म्हणजे पहिल्या पानावर निकाल दिला तर तिघेही एकाच घरचे वाटतात. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत थांबले, की उपदांडे फुटले नाहीत ती चिंच, एवढे निश्चित होते. मग उरलेल्या दोहोंत बीजपत्रांचा आकार आणि पर्णिकांचे टोक पाहावे. पीतमोहराचे रोप गुलमोहरासारखेच वाटते, पण त्याच्या शेंड्यावरील कोवळा भाग गंजाच्या रंगाच्या लवीने मखमली दिसतो. वर्षावृक्षाच्या पर्णिका तिरप्या, चौकटीसारख्या आणि दांड्याच्या टोकाकडे मोठ्या होत गेलेल्या असतात आणि ढग दाटून आले तरी मिटतात.

कडुनिंबाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण घराजवळ असावे असे सर्वांना वाटते आणि सर्वाधिक उपटलेही तेच जाते. निंबोळ्या जून-जुलैमध्ये पिकतात, बीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच संपते, त्यामुळे जे रुजायचे ते त्याच पावसात रुजते. सुरुवातीच्या पानांना तीनच पर्णिका असतात किंवा पान खोलवर कापल्यासारखे दिसते, आणि नेमक्या याच वयात बकाण निंबाचे रोपही असेच दिसते. दोघांना वेगळे करणारी खूण पुढे येते. कडुनिंबाचे पान एकाच दांड्यावरील, विळ्यासारख्या वाकड्या व दातेरी पर्णिकांचे होते, तर बकाण निंबाच्या पानाला दोन-तीन वेळा फाटे फुटतात. कढीपत्त्याचे रोप या दोघांजवळ उगवले तर काही जण तेही कडुनिंब समजतात. मात्र कढीपत्त्याच्या पर्णिका दांड्यावर आलटूनपालटून येतात आणि एक पर्णिका चुरगळली की स्वयंपाकघराचा वास येतो. येथे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य समजते. वास घेणे ठीक, पण अनोळखी रोपाचे पान जिभेवर ठेवून ओळख पटवण्याची काही जणांची सवय सोडून द्यावी. बकाण निंबाची फळे विषारी आहेत, सुबाभळीतही अपायकारक द्रव्य असते आणि पान चघळणाऱ्याचे पाहून मुले तेच करतात.

भिंतीतून येणारे रोप हा वेगळा विषय आहे. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या सांध्यांत, गच्चीच्या पन्हळीजवळ, कुंपणाच्या दगडांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वड, पिंपळ, उंबर यांचे बी मोहरीपेक्षाही लहान असते आणि ते ओलाव्यावर रुजते. ही सर्व रोपे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पान तोडल्यावर येणारा पांढरा चीक आणि शेंड्यावरील कळीभोवतीचे टोकदार वेष्टण, जे गळल्यावर खोडावर वर्तुळाकार रेघ उरते. पिंपळाची कोवळी पाने तांबूस, वडाची जाड व लवदार, उंबराची लांबट असतात. श्रद्धेपोटी लोक पिंपळाला आणि औदुंबराला हात लावत नाहीत. मग ते रोप मनगटाएवढे होते, भिंत फुटते आणि अखेर कंत्राटदार करवत घेऊन येतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी तर हे रोप बोटभर असतानाच भिंत ओली करून, मूळ न तुटेल अशा बेताने सोडवून, पिशवीत वाढवून घरापासून दूर मोकळ्या जागी लावावे. या कुळातील रोपे हलवणे सहन करतात. भिंतीत अर्धे मूळ राहिले तर ते पुन्हा फुटते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पुण्यासारख्या शहरात जुन्या बंगल्यांच्या आवारांत आणि टेकड्यांवर चंदन आपोआप उगवते, हे अनेक वाचकांना ठाऊक नसेल. त्याची पिकलेली, काळसर जांभळी फळे कोकीळ आणि बुलबुल आवडीने खातात, आणि बी जाळीखाली, मेंदीच्या कुंपणात, पेरूच्या झाडाखाली पडते. रोपाची पाने समोरासमोर, पातळ, सरळ कडेची आणि पाठीमागून फिकट असतात. पानाला चंदनाचा वास येत नाही, आणि तो येईल म्हणून हुंगून निराश झालेले लोक रोप फेकून देतात. सुगंध खोडाच्या आतल्या लाकडात आणि तोही अनेक वर्षांनंतर तयार होतो. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषक अवयवांनी जोडून घेऊन त्यांच्याकडून पाणी आणि क्षार मिळवतात. म्हणूनच कुंपणाच्या झुडपांत ते टवटवीत दिसते आणि तेथून काढून एकट्याने कुंडीत लावले की पुष्कळदा काही महिन्यांत पिवळे पडते. चंदनाची लागवड करणारे शेतकरी त्याच्याजवळ तूर लावतात, ते यासाठी. घरच्या बागेत ते ज्या जागी उगवले त्या जागीच राहू देणे उत्तम. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत चंदन आहे, ते मनात येईल तेव्हा तोडता येत नाही आणि मोठे झाल्यावर चोरांची नजर त्यावर पडते. बंगल्याच्या आवारातून रात्रीत चंदनाचे खोड कापून नेल्याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रात वाचायला मिळतात. ज्याला ही काळजी नको असेल त्याने निर्णय रोपाच्या वयातच घ्यावा.

खताच्या कुंडीतील रोपांविषयी थोडक्यात. हापूसची कोय रुजली म्हणून हापूस मिळत नाही, कारण त्या कोयीतील रोप संकरातून आलेले असते आणि त्याचे फळ आईसारखे निघेल याची शाश्वती नसते. मात्र कोयीतून नुकताच वर आलेला तांबूस कोंब कोयकलमासाठी वापरता येतो आणि कोकणातील रोपवाटिका दर पावसाळ्यात हेच करतात. कागदी लिंबाचे याच्या उलट आहे. त्याच्या बीतून येणारी बहुतेक रोपे आईच्याच गुणांची असतात, त्यामुळे पानाच्या देठाला बारीक पंख असलेले आणि चुरगळल्यावर लिंबाचा वास देणारे रोप जरूर ठेवावे; फळासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी हवी. पपईचे रोप कोणीही ओळखतो, पण ते नर की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही, म्हणून दोन-तीन ठेवलेली बरी. सीताफळ, चिक्कू, रामफळ यांची रोपे जागा असेल तर ठेवावीत, नसेल तर हळहळू नये.

आता काढण्याजोग्या रोपांविषयी, कारण जे जे उगवेल ते ते जपावे असेही माझे म्हणणे नाही. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील सुबाभूळ आपल्याकडे १९७० आणि १९८० च्या दशकांत चारा आणि सरपण यांसाठी मोठ्या उत्साहाने लावली गेली. शेतीच्या बांधावर तिचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही, पण शहरातील मोकळ्या जागा, नदीकाठ आणि टेकड्या तिने व्यापल्या, आणि जगातील शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. त्याच यादीत आफ्रिकेतून आलेला स्पॅथोडियाही आहे, ज्याला मुले पिचकारीचे झाड म्हणतात. सुबाभळीचे बी कठीण कवचामुळे मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते, कापलेला बुंधा पुन्हा फुटतो, आणि वीतभर रोपाचे मूळही हाताला दाद देत नाही. ती काढायची वेळ एकच, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, माती भिजलेली असताना, बीजपत्रे अजून खोडावर असतील त्या वयात. गुलमोहराला मी या पंक्तीत बसवत नाही. तो मादागास्करचा असला तरी घरालगत ठेवू नये याचे कारण त्याचे परदेशीपण नव्हे, तर वादळात मोडणाऱ्या फांद्या आणि वरवर पसरणारी मुळे हे आहे.

हा निर्णय लवकर घेण्याला कायद्याचेही कारण आहे. शहरी भागात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य आहे. परंतु घराच्या पायाला चिकटून नकळत वाढलेल्या झाडासाठी अर्ज, पाहणी आणि प्रतीक्षा यांत अडकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे म्हणणे एकच असते, की हे झाड कोणते आहे हे वेळेवर कोणी सांगितले असते तर तेव्हाच दुसरीकडे हलवले असते. हलवायचे असेल तर रोप चार ते सहा पानांचे असताना, ढगाळ दिवशी, सोटमूळ ज्या खोलीपर्यंत गेले असेल त्याहून खोल मातीच्या गोळ्यासह काढावे. जांभूळ आणि कडुनिंब या वयात हलवणे सोसतात, गुडघ्याएवढे झाल्यावर मूळ तुटण्याची भीती वाढते. ओळख पटलेली नसेल तर रोपाशेजारी आईस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर दिसल्याची तारीख लिहावी आणि माळ्याला बजावून सांगावे, की काडी असलेल्या रोपाला खुरपे लावायचे नाही. माळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना वाफा स्वच्छ करण्याचे पैसे मिळतात, पाने मोजण्याचे नाही.

या सर्व कारणांसाठी आपल्याला एक विनंती आहे. आपली बागेची पुरवणी जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दर आठवड्याला एका झाडाच्या रोपाची तीन छायाचित्रे छापू शकेल: एक बीजपत्रांसह, एक पहिल्या खऱ्या पानांचे आणि एक पाच-सहा पाने झाल्यानंतरचे. छायाचित्रात शेजारी मोजपट्टी असावी, एक छायाचित्र वरून आणि एक बाजूने असावे, आणि ज्या रोपाशी गोंधळ होतो त्याचे चित्र लगेच शेजारी असावे. कडुनिंबाजवळ बकाण निंब, चिंचेजवळ सुबाभूळ, आसूपालवाजवळ सीतेचा अशोक. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे, कृषी महाविद्यालये आहेत, महापालिकांचे उद्यान विभाग स्वतःच्या रोपवाटिका चालवतात. रोपवाटिकेत तर प्रत्येक जातीचे बी कोणत्या दिवशी पेरले आणि ते कसे दिसत वाढले हे माहीत असते, म्हणजे खात्रीची छायाचित्रे मिळण्याचे ते सर्वांत सोपे ठिकाण. उद्यान विभागांनी हीच छायाचित्रे एका तक्त्यावर छापून रोपवाटपाच्या वेळी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला एक प्रत दिली, तर तो तक्ता पंपाच्या खोलीच्या दारावर, माळ्याच्या नजरेसमोर लावता येईल. पहिले छायाचित्र जूनच्या मध्यापर्यंत यावे, कारण निंबोळ्या आणि जांभळे तोपर्यंत पडू लागलेली असतात, आणि ऑगस्टअखेरीस माळ्यांची गणपतीपूर्वीची साफसफाई सुरू होते.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे